‘नेफ्यू’ म्हणजे पुतण्या की भाचा? ऑगस्टसच्या घरातली नाती आणि आपले शब्द

प्रश्न

रोमच्या पहिल्या पाच सम्राटांवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. वाचन सगळं इंग्रजीतून झालंय, आणि पहिल्याच पानावर अडले आहे.

ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, हा ज्युलियस सीझरचा ‘ग्रँड-नेफ्यू’. मी सरळ ‘पुतण्याचा मुलगा’ लिहून मोकळी झाले होते. मग वंशावळ कागदावर काढली तर नातं निघालं बहिणीकडून! सीझरची बहीण ज्युलिया, तिची मुलगी आटिया, आटियाचा मुलगा ऑक्टेव्हियन. याला आपल्याकडे एका शब्दात काय म्हणतात?

दुसरी अडचण दुसऱ्या सम्राटाची, टायबेरियसची. तो ऑगस्टसचा कुठे सावत्र मुलगा, कुठे जावई, कुठे दत्तक मुलगा. यातलं बरोबर काय?

आणि तिसरी, ‘वारस’ लिहायचं की ‘उत्तराधिकारी’?

प्रतिसाद १

ताई, वंशावळ कागदावर काढलीत हे फार चांगलं केलंत. ऑक्टेव्हियनसाठी ‘भाचीचा मुलगा’ लिहा. एकच शब्द हवा हा हट्ट सोडा. उलट बाजूने सीझर त्याच्या आईचा मामा. आमच्या घरी आईच्या मामाला मामाआजोबा म्हणतात, तसं लिहिलंत तरी मराठी वाचकाला नातं लगेच दिसेल.

खरं तर तुमची अडचण इंग्रजीमुळे झाली आहे, लॅटिनमुळे नाही. लॅटिन भाषा या बाबतीत थेट आपल्यासारखी. वडिलांचा भाऊ तो ‘पात्रुउस’, आईचा भाऊ ‘आवुंकुलुस’. वडिलांची बहीण ‘आमिता’, आईची बहीण ‘मातेर्तेरा’. काका, मामा, आत्या, मावशी, चारही खणखणीत वेगळे. इंग्रजी ‘अंकल’ हा शब्द आलाय आवुंकुलुसवरून, म्हणजे मूळचा तो मामाच आहे, पण वाटेत काकाही त्याच्यात जाऊन बसला. आईच्या मामाला रोमन लोक ‘आवुंकुलुस माग्नुस’ म्हणत, म्हणजे मोठा मामा. मूळ ‘आवुंकुलुस’सुद्धा ‘आवुस’ म्हणजे आजोबा या शब्दाचं लाडकं रूप आहे, छोटा आजोबा. मामा आणि आजोबा ही जवळीक त्यांच्या शब्दातही आहे, आणि मला हे वाचलं त्या दिवशी फार आनंद झाला होता.

अजून एक. लॅटिनमध्ये नातवाला ‘नेपोस’ म्हणतात. संस्कृतातलं नपात्, नप्तृ हे त्याचंच भावंड, आणि नप्तृपासून प्राकृतमार्गे आपला ‘नातू’. ऑगस्टस गायुस आणि लुसियुस या आपल्या मुलीच्या मुलांना ‘नेपोस’ म्हणे तेव्हा तो आपलाच शब्द उच्चारत होता म्हणा ना. तसंच ‘सोकेर’ आणि सासरा (श्वशुर), ‘लेविर’ आणि दीर (देवृ). त्यामुळे माझी विनंती अशी की या घराण्यावर मराठीत लिहिताना इंग्रजी नातं मराठीत आणूच नका. तक्ता बघा आणि आपल्या घरातलं माणूस असल्यासारखं नाव द्या.

उदाहरणं देतो. मार्सेलुस हा ऑगस्टसचा ‘नेफ्यू’, पण तो बहिणीचा, ऑक्टेव्हियाचा मुलगा. म्हणून भाचा. इ.स.पू. २५ मध्ये त्याचं लग्न ऑगस्टसच्या मुलीशी, ज्युलियाशी लावलं. म्हणजे त्याने मामाची मुलगी केली. हे वाक्य सांगली-साताऱ्याच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही! दोनच वर्षांत मार्सेलुस गेला, आणि ज्युलिया ऑगस्टसच्या सेनापतीला, आग्रिप्पाला दिली.

जर्मानिकुसही ‘नेफ्यू’च, टायबेरियसचा. पण तो भावाचा, द्रुसुसचा मुलगा. तो मात्र अस्सल पुतण्या.

टायबेरियसबद्दल तुम्ही वाचलेलं तिन्ही बरोबर आहे, फक्त प्रत्येकाला साल लावा. इ.स.पू. ३८ मध्ये ऑगस्टसने लिव्हियाशी लग्न केलं तेव्हा तीन वर्षांचा टायबेरियस हा तिच्या आधीच्या नवऱ्याचा मुलगा. इ.स.पू. ११ मध्ये ज्युलियाशी लग्न, म्हणून जावई. इ.स. ४ मध्ये दत्तक, म्हणून मुलगा. तोवर ज्युलियाचा घटस्फोट होऊन ती हद्दपारीत गेली होती, तेव्हा जावईपण संपलेलं.

या जावईपणामागे एक दुःख आहे, ते लेखात घ्या. ज्युलियाशी लग्न करण्यासाठी टायबेरियसला आपली बायको विप्सानिया सोडावी लागली. विप्सानिया ही आग्रिप्पाची मुलगी आणि ज्युलिया आग्रिप्पाची विधवा. म्हणजे त्याची नवी बायको ही पहिल्या बायकोची सावत्र आई. पुढे एकदा विप्सानिया त्याला वाटेत दिसली, तर तो डोळ्यांत पाणी आणून नुसता बघत राहिला. त्यानंतर ती पुन्हा त्याच्या नजरेस पडणार नाही याची काळजी घेतली गेली, असं स्वेतोनियुस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी वकिलीतला माणूस, म्हणून ‘दत्तक’बद्दल थोडं लिहितो. ताई, शब्द तोच वापरा, दुसरा नाहीच. पण तो वाचला की मराठी वाचक मनात एक गोष्ट गृहीत धरतो, आणि ती रोमला लागू नाही.

आपल्याकडे दत्तक म्हटलं की निपुत्रिक घर डोळ्यांपुढे येतं. मुलगा हयात असताना मुलगा दत्तक घेता येत नाही. जुन्या धर्मशास्त्रातही मुद्दा तोच, १९५६ च्या कायद्यातही तोच. रोममध्ये अशी अट नव्हती. टायबेरियसला स्वतःचा मुलगा होता, तरी ऑगस्टसने त्याला आधी जर्मानिकुसला दत्तक घ्यायला लावलं आणि मगच त्याला पोटाशी घेतलं. चौथा सम्राट क्लॉडियुस, त्याला ब्रिटानिकुस हा औरस मुलगा होता, तरी इ.स. ५० मध्ये त्याने बायकोच्या मुलाला, नीरोला दत्तक घेतलं. नीरो वयाने मोठा, म्हणून तो पुढे गेला आणि ब्रिटानिकुस मागे पडला. ‘मुलगा असताना’ हे दोन शब्द तुमच्या वाक्यात आले नाहीत तर त्या घरावर काय कोसळलं ते वाचकाला कळणारच नाही.

वयाचंही तसंच. आपला दत्तक म्हणजे मूल. टायबेरियस दत्तक गेला तेव्हा ४४ वर्षांचा होता, सेनापती म्हणून नाव कमावलेला. त्याचा बाप कधीच वारलेला, म्हणजे तो कायद्याने स्वतःचा मुखत्यार. अशा माणसाला दत्तक घेण्याचा विधी वेगळा होता, त्याला ‘आद्रोगातिओ’ म्हणत. त्यानंतर तो पुन्हा बापाच्या सत्तेखाली आला. स्वतःच्या नावावर दान देणं नाही, गुलाम मुक्त करणं नाही, वारशाने काही मिळालं तर तेही बापाच्या मर्जीने जवळ ठेवायचं. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार आहेत, त्यातला ‘स्वयंदत्त’, म्हणजे स्वतःहून दत्तक गेलेला, याच्या थोडा जवळ जातो.

त्याच यादीत ‘क्रीत’ आहे, आईबापांकडून विकत घेतलेला. ऑगस्टसने गायुस आणि लुसियुस यांना इ.स.पू. १७ मध्ये घेतलं ते असंच, घरातल्या घरात, तराजू आणि तांब्याचं नाणं वापरून. मुलगा बापाच्या सत्तेतून सुटायचा तर बापाने तो नावापुरता विकायचा, असा तिथला कायदा. समोर मुलांचा बाप आग्रिप्पा बसलेला, मध्ये तराजू, आणि आजोबा आपल्याच नातवांना नाण्यावर विकत घेतोय! लहानगा लुसियुस तेव्हा नुकताच जन्मलेला.

यादीतला ‘सहोढ’ही इथे आठवतो, लग्नाच्या वेळी वधूच्या पोटात असलेला. लिव्हिया लग्नाच्या वेळी गरोदर होती, तीन महिन्यांच्या आत द्रुसुस झाला. मनूच्या हिशेबाने तो नव्या नवऱ्याचा ठरता. रोममध्ये ऑगस्टसने तो त्याच्या बापाकडे पाठवून दिला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

नावाचं सांगतो. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. आधीचं नाव मागे राहिलं. रोमन दत्तक नवं नाव घेई, पण जुन्या कुळाची खूण शेवटी जोडायचा प्रघात होता. ऑक्टेव्हियुस कुळातला म्हणून ऑक्टेव्हियानुस. त्याने स्वतः ते शेपूट लावून घेतलं नाही, तो स्वतःला सीझरच म्हणवी.

पुन्हा प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. तराजूचा प्रसंग मी कुठेच वाचला नव्हता.

क्लॉडियुस आणि आग्रिप्पिना यांच्या लग्नाला इंग्रजीत ‘अंकल-नीस मॅरेज’ म्हणतात. मी ‘मामा-भाचीचं लग्न’ लिहिलं होतं, कारण आपल्या कानाला तेच ओळखीचं. आता शंका येतेय. आणि नीरोने क्लॉडियुसच्या मुलीशी लग्न केलं, म्हणजे बहिणीशीच ना?

प्रतिसाद १ चे लेखक

ताई, ते मामा-भाची आधी खोडा! आग्रिप्पिना जर्मानिकुसची मुलगी आणि क्लॉडियुस जर्मानिकुसचा सख्खा भाऊ. काका आणि पुतणी. आपल्या कानाला हे जितकं खटकतं तितकंच रोमन कानाला खटकलं. म्हणून इ.स. ४९ मध्ये सेनेटचा खास ठराव करून भावाच्या मुलीशी लग्न कायदेशीर केलं. बहिणीच्या मुलीशी मात्र बंदीच राहिली. शंभरेक वर्षांनी गायुस नावाच्या कायदेपंडिताने हेच स्पष्ट नोंदवलंय, भावाची मुलगी चालते, बहिणीची चालत नाही. कर्नाटकात, आंध्रात मामाने भाची करायची रीत आहे आणि काका-पुतणीचं लग्न कल्पनेतही नाही. रोमने नेमकं उलटं केलं. ‘अंकल-नीस’ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

नीरोबद्दल तुमची शंका रास्त आहे, त्यांनाही ती आली होती. दत्तक गेल्यामुळे नीरो हा क्लॉडियुसच्या मुलीचा, ऑक्टेव्हियाचा भाऊ झाला (ही ऑक्टेव्हिया वेगळी, ऑगस्टसची बहीण नव्हे). मग इ.स. ५३ च्या लग्नाआधी तिलाच दुसऱ्या कुळात दत्तक दिलं, असं इतिहासकार दिओ कासियुस सांगतो. मुलीचं जणू गोत्र बदलून घेतलं.

प्रतिसाद २ चे लेखक

‘वारस’ राहिलं. मृत्युपत्राच्या संदर्भात वारस लिहा, सत्तेच्या संदर्भात उत्तराधिकारी. रोमन ‘हेरेस’ला मालमत्ता मिळे, कुळाचे देव मिळत. सम्राटपद कागदोपत्री वारशाने जात नव्हतं, अधिकार सेनेट बहाल करी. टायबेरियसने जर्मानिकुसचा मुलगा कालिगुला आणि स्वतःचा नातू गेमेलुस दोघांना वारस केलं होतं. इ.स. ३७ मध्ये सेनेटने ते मृत्युपत्र रद्द ठरवलं. कालिगुलाने गेमेलुसला, नात्याने आपल्या चुलतभावाला, मुलगा म्हणून दत्तक घेतलं आणि पुढे मारून टाकलं. क्लॉडियुस तर मृत्युपत्राने वारस नाही, दत्तकही नाही. कालिगुलाचा काका एवढंच. पडद्यामागे लपलेला एका सैनिकाला सापडला, आणि पहारेकऱ्यांनी त्याला सम्राट केलं.

म्हणून मी ‘वंश’ टाळतो, ‘घराणं’ लिहितो. या पाच जणांत एकाही सम्राटामागे त्याचा पोटचा मुलगा आला नाही. ते पहिल्यांदा घडलं इ.स. ७९ मध्ये, व्हेस्पासियन गेल्यावर तितुस आला तेव्हा, आणि ते घराणंच वेगळं. नाव मात्र टिकलं. क्लॉडियुसने त्या कुळात जन्मलेला किंवा दत्तक गेलेला नसताना ‘सीझर’ हे आडनाव उचललं आणि तिथून ते पदाचं नाव झालं. तेच फारसीतून आपल्यापर्यंत ‘कैसर’ होऊन आलं, कैसर-ए-हिंदमधलं.

पुन्हा प्रश्न

सगळं नव्याने लिहिलं. सुरुवात अशी केली आहे, चुकत असेल तर सांगा:

“सीझरने भाचीच्या मुलाला मृत्युपत्राने दत्तक घेतलं. त्या मुलाने, ऑगस्टसने, आधी भाच्याला मुलगी दिली, मग मुलीच्या मुलांना दत्तक घेतलं, आणि तेही मेल्यावर बायकोच्या मुलाला. कालिगुला त्याचा पणतू, नीरो खापरपणतू, पण दोघेही मुलीच्या बाजूने.”

आणि लिव्हियाचं काय लिहू? ऑगस्टसच्या मृत्युपत्रात तिलाही दत्तक घेतलंय असं दिसतंय.

प्रतिसाद १ चे लेखक

सुरुवात उत्तम. काहीही बदलू नका.

लिव्हियाबद्दल बरोबर वाचलंत. १९ ऑगस्ट १४ पर्यंत ‘पत्नी लिव्हिया’ लिहा. मृत्युपत्र उघडल्यावर ती ज्युलियुस कुळात आली, म्हणून तिथून पुढे ‘ज्युलिया ऑगस्टा’. कायद्याच्या नजरेत विधवेला नवऱ्याची लेक केलं होतं, आणि पोटचा मुलगा टायबेरियस तिचा भाऊही झाला. या नात्याला आपल्याकडे शब्द नाही. तिथे नातं उलगडूनच सांगा.