दुर्गम भागातील लहान मुलांचे उपचार : फिरत्या तज्ज्ञाने नेमके काय करावे?

मूळ मत (वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ)

दुर्गम वस्त्यांमधील पाच वर्षांखालच्या मुलांना फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार), वाचाउपचार आणि श्रवणतपासणी मिळत नाही, हा विषय निघाला की तज्ज्ञांची फिरती पथके वाढवावीत, अशी मागणी पुढे येते. माझ्या मते पथके वाढवण्याआधी त्यांचे काम बदलायला हवे. तीन महिन्यांतून एकदा येणारा तज्ज्ञ मुलाला समोर बसवून चित्रे दाखवतो, आवाज काढून घेतो, नोंद करतो आणि निघून जातो. तेवढ्याने मुलाची भाषा वाढत नाही. ती वाढते अंघोळ घालताना, भरवताना, खेळताना, म्हणजे जो माणूस दिवसभर मुलाजवळ असतो त्याच्या सहवासात. मुलाने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव घेणे, विचारल्यावर उत्तरासाठी थोडे थांबणे, मुलाच्या एका शब्दाला आपला एक जोडून तो परत म्हणणे, या गोष्टी घरच्यांना शिकवता येतात आणि तज्ज्ञाचा वेळ त्यासाठीच खर्ची पडला पाहिजे.

प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या आल्मा-आटा या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने पुनर्वसनाला प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग मानले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कुटुंबीय व स्थानिक कार्यकर्त्यांना वापरता येईल अशी पुस्तिकाही काढली. इतक्या वर्षांनंतरही आपण मुलाला तज्ज्ञाची वाट पाहायला लावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद (बालरुग्णांची फिजिओथेरपिस्ट)

भाषेपुरते आपले म्हणणे पटते, पण ते सगळ्या उपचारांना लावणे मला धोक्याचे वाटते. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडणे) असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीतून हळूहळू सरकू लागतो, आणि ज्यांना बसण्यासाठीही आधार लागतो त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असते. सुरुवातीला दुखत नाही आणि वरून काही दिसतही नाही. ठरावीक काळाने एक्स-रे काढला तरच कळते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाची नियमित तपासणी सुरू झाली आणि तिथे खुबा पूर्ण निखळण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. आई घरी कितीही मन लावून व्यायाम करून घेत असली तरी हा सरकणारा खुबा तिला दिसणार नाही. गिळण्याचेही तसेच आहे. काही मुलांचे अन्न श्वासनलिकेत जाते आणि तरी त्यांना ठसका लागत नाही; मूल वारंवार न्यूमोनियाने आजारी पडते आणि घरच्यांना वाटते की त्याची प्रकृतीच नाजूक आहे. शहरातल्या मुलाला तज्ज्ञ आणि दूरच्या मुलाला प्रशिक्षित शेजारी, अशी वाटणी कोणी सोयीसाठी कायमची करून टाकली तर आपल्या युक्तिवादाचा त्याला आयताच आधार मिळेल.

प्रतिसाद (असे उपचार लागणाऱ्या मुलाची आई)

दोघींनीही आईला गृहीत धरले आहे. प्रत्येक तज्ज्ञ येतो आणि एक यादी देऊन जातो. एक म्हणतो पाय ताणा, दुसरा म्हणतो भरवताना मान अशी धरा, तिसरा म्हणतो बोलत राहा. प्रत्येकाची यादी स्वतंत्रपणे योग्य असते, पण त्या सगळ्या एकाच बाईने एकाच दिवसात पार पाडायच्या असतात, आणि पुढच्या भेटीत मूल पुढे गेलेले नसेल तर प्रश्न तिलाच विचारले जातात. मला माझ्या मुलाची आई म्हणूनही त्याच्याजवळ बसायचे आहे. घरच्यांना शिकवा, जरूर शिकवा, पण सगळ्या तज्ज्ञांनी आधी आपसात बोलून कुटुंबाला एका वेळी एकच काम सांगावे, आणि ते का करायचे हेही समजावून सांगावे.

धागाकर्तीचे उत्तर (वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ)

एका वेळी एकच काम, ही सूचना मला पूर्ण मान्य आहे. माझ्या मांडणीतही वेगळा व्यायामाचा तास नाही; जे एरवी करायचेच आहे तेच थोडे वेगळ्या रीतीने करायचे आहे. आणि हे काम केवळ आईवर न टाकता त्या वस्तीत पगारी सहायक नेमावा, असे मी म्हणेन.

स्वीडनच्या उदाहरणातून मात्र मी वेगळा अर्थ काढते. तिथे यश आले ते एकही मूल यादीतून न सुटल्यामुळे. दूरच्या वस्तीत पुढच्या एक्स-रेची तारीख कोण लक्षात ठेवणार? तिथे राहणारा माणूसच. शिवाय हातांचे कसबही शिकवता येते. जन्मतः वाकडे असलेले पाऊल सरळ करण्याच्या पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलावे लागते, आणि मलावीत हे काम डॉक्टर नसलेल्या, पण खास प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी केले आहे. दर आठवड्याला येणारा फिरता तज्ज्ञ कुठून आणणार होतो आपण?

प्रतिसाद (श्रवणतज्ज्ञ)

माझा अनुभव दोन्ही बाजूंना थोडा अडचणीचा आहे. बाळाची श्रवणचाचणी एक महिन्यापर्यंत, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहा महिन्यांपर्यंत व्हावी, असा संकेत आहे. पहिली चाचणी स्थानिक सहायक उत्तम करू शकतो. निदानाची चाचणीही दूरवरून करता येते: सहायक बाळाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड (संकेत टिपणाऱ्या छोट्या पट्ट्या) लावतो आणि तज्ज्ञ आपल्या जागेवरून यंत्र चालवतो, कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ही पद्धत वापरली गेली आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. तान्ह्या बाळाचा कान इतक्या लवकर वाढतो की श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा दर थोड्या महिन्यांनी नवा करावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारू लागते, बाळ ते ओढून काढते आणि घरचे ते डबीत ठेवून देतात. त्या वेळी वस्तीत कितीही शिकलेला सहायक असला तरी त्याच्याकडे साचा घेण्याचे साहित्य आणि तो तयार करून परत पाठवणारी प्रयोगशाळा हवी. त्यामुळे ‘पथके वाढवण्याआधी’ या आपल्या शब्दांशी मी सहमत नाही. पथकाचे काम बदला, संख्याही वाढवा आणि साहित्याची ने-आण त्याच वेळी उभी करा; यातले एक राहिले की बाकी दोन्ही वाया जातात.

प्रतिसाद (बालरुग्णांची फिजिओथेरपिस्ट)

मलावीच्या उदाहरणातले ‘खास प्रशिक्षण’ आणि आपल्याकडे सहायकांना दिली जाणारी काही दिवसांची कार्यशाळा यांत फार अंतर आहे. पगारी सहायकाला माझा विरोध नाही. मात्र त्याच्या कामाची जबाबदारी एका ठरावीक तज्ज्ञावर लेखी असावी, दोघांचे दर आठवड्याला फोनवर बोलणे व्हावे, आणि कोणते लक्षण दिसताच मुलाला त्याच दिवशी पुढे पाठवायचे हे सहायकाला ठाऊक असावे. सहायक नोकरी सोडून गेला तर मुलांची यादी कोणाच्या हाती राहणार, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही, आणि ते मिळेपर्यंत मी फिरत्या पथकाची एकही फेरी कमी करायला तयार नाही.