'ग्रहणशील' की 'ग्रहणक्षम'?

परभणीकर_बाई: चौथीच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी लिहायलेय. एक मुलगी दुसऱ्याचं म्हणणं नीट समजून घेते, पटलं तर स्वतःचं उत्तर बदलते. तिच्यासाठी 'ग्रहणशील' लिहू की 'ग्रहणक्षम'? शाळेतले सर 'मोकळ्या मनाची' लिहा म्हणायलेत.

गोदाकाठ: 'ग्रहणशील'. 'शील' म्हणजे स्वभाव, 'क्षम' म्हणजे समर्थ. ग्रहणक्षम मूल शिकवलेलं पटकन उचलतं, पण हेकट असू शकतं. जालन्याकडच्या कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर हा फरक स्वच्छ दिसतो. आदल्या दुपारी कळीतले पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावतात, कारण त्या वेळी कुक्षी, म्हणजे फुलाचा पराग स्वीकारणारा भाग, ग्रहणक्षम असते. उशीर झाला की बोंड धरण्याचं प्रमाण घटतं. तिथं 'ग्रहणशील' म्हणून भागणार नाही, फुलाला कुठला आलाय स्वभाव!

'मोकळ्या मनाची' मात्र नको. मनात काही न ठेवता बोलणाऱ्याला आपण तसं म्हणतो. असा माणूस समोरच्याला बोलू देईलच असं नाही.

वेलांटी: 'शी' दीर्घच, 'ग्रहणशीलता'मध्येही. 'ग्रहणशिल' सर्रास दिसतं, ते चूक. मुलगा असो की मुलगी, रूप तेच. 'गुणग्राही' वेगळा: तो दुसऱ्याचा गुण ओळखून दाद देतो, मत बदलेलच असं नाही. आणि कानावर पडेल ते खरं मानणारा 'हलक्या कानाचा'. ग्रहणशील माणूस पारखून घेतो.

परभणीकर_बाई: 'नव्या विचारांना ग्रहणशील आहे' असं वाक्य चालेल का?

गोदाकाठ: 'विचारांना' खटकतं, भाषांतर वाटतं. 'नव्या कल्पनांबाबत ग्रहणशील' चालेल. पण नोंद पालक वाचणार, त्यांच्यासाठी क्रियापदच बरं: 'दुसऱ्याचे म्हणणे समजून घेते व पटल्यास आपले मत बदलते.' नुसतं 'ऐकते' लिहिलं तर आज्ञाधारक असा अर्थ निघतो. 'ऐकून घेते' हेही जपून, कारण बोलणी निमूट ऐकून घेण्याची छटा त्याला चिकटलेली आहे. पुढे वर्गात दिसलेली एक गोष्ट जोडा, उदाहरणार्थ 'गटात अपूर्णांकाची दुसरी रीत कळल्यावर स्वतःचे उत्तर दुरुस्त केले.' मग विशेषण नसलं तरी चालतं.