कुंड्यांना फवारायचा २ लिटरचा पंप प्रेशर धरत नाहीये, घरी दुरुस्त होतो का?

बाल्कनीवाली_बावधन:
नमस्कार मंडळी, बाल्कनीतल्या जास्वंदीवर मिलीबग पसरलाय, अगदी कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस साचल्यासारखा, आणि नेमका आत्ताच फवारायचा पंप रुसलाय. पंप मारताना हाताला जड लागतं, म्हणजे हवा भरली जातेय असं वाटतं, पण दोन मिनिटांत फवारा मंदावतो आणि मग नॉझलमधून नुसतं टिपटिप. दुकानदार म्हणाला याचे पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या. आता नवीन ३००-४०० ला येतो हे खरं, पण टाकी, दांडा, ट्रिगर सगळं धडधाकट असताना ते प्लास्टिक कचऱ्यात टाकायला मन धजत नाही. उघडून बघितलं तर परत बसेल ना? मुख्य म्हणजे बघायचं काय, ते कोणीतरी नीट सांगा प्लीज.

सदाशिवपेठी_पाना:
ताई, अजिबात टाकू नका. या पंपात बिघडण्यासारखं फार काही नसतंच, सगळा खेळ दोन-तीन रबरांचा. आधी औषध काढून टाका, पंप साध्या पाण्याने धुवा आणि मग टाकीत साधं पाणी घेऊन चाचणी करा, हातावर औषध नको. पाणी खुणेपर्यंतच भरा, वर हवेला जागा पाहिजे, कारण दाबली जाते ती हवा, पाणी नाही. काठोकाठ भरलं तर चांगला पंपसुद्धा दोन फवाऱ्यांत थकतो.

आता हवा भरा आणि मानेभोवती, जिथे डोकं टाकीवर आट्याने बसतं तिथे, साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर तिथला वायसर गेलाय किंवा आट्यात माती अडकलीय. बुडबुडे नाहीत, तर दांड्याचं लॉक सोडून तो मोकळा ठेवा आणि नुसतं बघा. आपोआप वर येतोय? मग पंपाच्या नळीच्या बुडाला जो छोटा रबरी वॉल्व असतो, हवा खाली जाऊ देणारा आणि परत वर न येऊ देणारा, तो नीट बसत नाहीये. तुम्ही म्हणताय जड लागतं, म्हणजे दट्ट्याची (दांड्याच्या खालच्या टोकाला नळीत वरखाली होणाऱ्या भागाची) रिंग बहुधा ठीक आहे, ती गेली असती तर दांडा वरखाली पोकळ गेला असता. आणि हवा कुठूनच जात नाहीये, तरी फवारा येत नाही, असं असेल तर नॉझल किंवा टाकीतून पाणी ओढणाऱ्या बारीक नळीच्या टोकाची जाळी तुंबलीय.

उघडायच्या आधी वरचं बटण ओढून हवा पूर्ण सोडा, नसेल तर पंप उलटा धरून ट्रिगर दाबा म्हणजे नळीतून हवा निघून जाते. भरल्या प्रेशरला आटे फिरवायचे नाहीत, डोकं उडून तोंडावर येऊ शकतं.

गच्चीवरचा_माळी:
मानेला चीर असेल तर एमसील लावून टाका, मी बादलीला लावलंय, मस्त टिकलंय.

सदाशिवपेठी_पाना:
बादलीचं वेगळं हो, तिच्यात दाब नसतो. या टाक्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्याला एमसील काय किंवा फेविक्विक काय, धड चिकटत नाही आणि आतून हवेचा दाब बसला की तिथूनच उकलतं. टाकीलाच चीर असेल तर मात्र पंप बाद, तिथे काटकसर करू नका.

निवृत्त_फिटर_चिंचवड:
वरचं सगळं बरोबर. मी थोडी भर घालतो. जुन्या पितळी पंपाच्या स्टोव्हला दट्ट्यावर चामड्याचा वायसर असायचा. तो सुकून आकसला की पंप पोकळ जायचा, मग तेलाचे दोन थेंब मुरवायचे, बोटाने कडा फुलवायच्या नि परत बसवायचा, की स्टोव्ह फुरफुरायला लागला. तुमचा पंप त्याच तत्त्वावर चालतो, फक्त चामड्याच्या जागी रबर आलंय. आणि रबराला घरातलं गोडं तेल लावू नका, ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं. व्हॅसलीनही नको, काही जातींचं रबर त्याने फुगतं, आणि रिंग नुसती बघून जात कळत नाही. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात दट्ट्याच्या रिंगवर पुरे. बुडाच्या वॉल्वला काहीच लावायचं नाही, तो कोरडा आणि स्वच्छ पाहिजे.

रिंग बदलायचीच वेळ आली तर जुनी रिंग खिशात घालून रविवार पेठेत बोहरी आळीत जा. माप तोंडी सांगू नका, नमुना दाखवा. चपटी झालेली रिंग नव्यापेक्षा बारीक दिसते, म्हणून जिथे ती बसते ती खाचही दाखवता आली तर उत्तम, सरळ दट्ट्याच घेऊन गेलात तरी चालेल. पार्ट मिळत नाही म्हणजे त्या कंपनीचा तयार सेट मिळत नाही, रिंग तर मापाची असली की कुठल्याही कंपनीची चालते.

बाल्कनीवाली_बावधन:
काका, दादा, खूप खूप आभार!! फेस लावून बघितला, मान कोरडी, एकही बुडबुडा नाही, पण दांडा सोडला तर हळूहळू स्वतःच वर यायला लागला. नळी बाहेर काढली तर बुडाचा वॉल्व म्हणजे नखाएवढा रबराचा पापुद्रा, त्याच्याखाली पिवळट चिकट थर आणि त्यात रुतलेली गवताची बारीक काडी. नीमतेल आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) दोन्ही याच पंपात घालते, त्यातलंच असणार. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं, पापुद्रा परत बसवला, आता दांडा जागचा हलत नाही!

फक्त फवारा एका बाजूलाच जातोय, धुकं होत नाही. सोसायटीत टँकरचं पाणी येतं, नळांवर पांढरे थर बसतात, त्यामुळे असेल का?

सदाशिवपेठी_पाना:
वा, झकास! हो, क्षारच. नॉझल पूर्ण काढा, आत एक छोटा खाचांचा तुकडा असतो तोही काढा (सिंकमध्ये जाईल, खाली वाटी धरा) आणि कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवा. मग वाहत्या पाण्याखाली ब्रशचा एखादा नायलॉनचा केस भोकातून फिरवा. टाचणी किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की धुकं कधीच होणार नाही.

निवृत्त_फिटर_चिंचवड:
आणि जीवामृत यापुढे सुती कापडातून दोनदा गाळून घ्या. नीमतेल लिटरला ५ मिली, आधी लिक्विड सोपच्या थेंबांबरोबर वाटीत फेटून मगच टाकीत. उरलेलं ठेवायचं नाही, त्याच दिवशी संपवा आणि शेवटी साधं पाणी भरून नॉझलमधून जाऊ द्या. जास्वंदीला पानांच्या खालच्या बाजूने मारा, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर.