पेश्टिगोचा वणवा कुणालाच का माहीत नाही?

सुमेधा_ग्रीनबे: नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते, मध्यंतरी मुलांना घेऊन इथल्या पेश्टिगो गावातलं वणव्याचं म्युझियम बघून आले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. शेजारच्या कब्रस्तानात ३५० च्या वर माणसं एकत्र पुरलीयेत, कारण ओळख पटवायलाच कुणी उरलं नव्हतं. ८ ऑक्टोबर १८७१, रविवारची रात्र. मेले किती ते आजही नक्की नाही, १२०० ते २५०० म्हणतात, जंगल जळलं साधारण १२ लाख एकर. त्याच रात्री शिकागोला आग लागली, तिथे गेले ३०० च्या आसपास, पण इकडे शाळेत पोरांना शिकागोच माहिती, गायीने लाथ मारून कंदील पाडला वगैरे. असं का झालं? आणि एकाच रात्री दोन्हीकडे कसं काय?

जुनी_पानं: शिकागो मोठं शहर, १७ हजारांवर इमारती जळल्या, लाखभर लोक बेघर झाले, शिवाय पेपरवाले तिथेच. पेश्टिगोची तारच जळून गेली, त्यामुळे राज्याच्या राजधानीला, मॅडिसनला, बातमी पोचली १० तारखेला, तोपर्यंत गव्हर्नर फेअरचाइल्ड मदत घेऊन शिकागोला गेले होते! मग त्यांच्या बायकोने, फ्रान्सिसने सूत्रं हातात घेतली, शिकागोला निघालेली सामानाची गाडी उत्तरेकडे वळवली, बायकांकडून ब्लँकेटं गोळा केली. हिचं नाव खरं तर आधी शिकवायला पाहिजे. आणि गायीचं म्हणाल तर ती गोष्ट एका बातमीदाराने रचली होती आणि पुढे स्वतःच कबूलही केलं. त्या गायीची मालकीण ओलीरी बाई गरीब आयरिश, तिच्यावर ढकलणं सोपं. शिकागोच्या नगरपालिकेने तिला निर्दोष ठरवलं ते थेट १९९७ मध्ये.

अवकाशवेडा: धूमकेतूचे तुकडे पडून सगळीकडे एकदम आग लागली असं वाचलंय. मिशिगनमध्ये हॉलंड, मॅनिस्टीही त्याच दिवशी पेटलं ना?

रानवाटा_भोर: पेटलं, पण धूमकेतू नको हो मध्ये आणायला, लहान उल्का जमिनीवर येईपर्यंत थंड झालेल्या असतात, त्याने रान पेटत नाही. त्या साली उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नव्हता, शेतकरी जमीन मोकळी करायला झाडं जाळत होते, रेल्वेवाले रुळांसाठी जंगल तोडून फांद्या तिथेच पेटवत होते, आठवडेच्या आठवडे छोट्या आगी धुमसत होत्या आणि लोकांना धुराची सवय झाली होती. गावात लाकडाची घरं, लाकडी फूटपाथ, रस्त्यावर भुसा. त्या रात्री थंड हवेची लाट आली आणि तिच्याबरोबर सोसाट्याचा वारा, तो सगळ्या भागातच सुटला, म्हणून एकाच रात्री इतकी ठिकाणं. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला लावलेली आग वाऱ्याने हातची जाते तेव्हा हेच होतं, फक्त आमचं बहुतेक गवत असतं, तिथे पाइनचं जंगल होतं. मला राग येतो तो "वणवा आपोआप लागला" म्हणतात त्याचा. आपोआप क्वचितच लागतो, बहुतेक वेळा कुणीतरी काडी ओढलेली असते, आणि जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून आधीच मोकळे केलेले पट्टे) वेळेवर काढलेल्या नसतात.

सुमेधा_ग्रीनबे: खूप आभार सगळ्यांचे. फादर पर्निन म्हणून तिथले पाद्री होते, ते नदीत उतरून वाचले, पाण्यात काही तास उभे होते, डोक्यावर सतत पाणी मारत. त्यांनी लिहिलंय की नदीच्या दोन्ही काठांच्या लोकांना पलीकडे सुरक्षित असेल असं वाटलं, सगळे पुलावर धावले आणि मध्येच समोरासमोर अडकले, माणसं, गुरं, गाड्या सगळंच. ते वाचून मला दुसरं काही सुचेना. जे पाण्यात उतरले त्यातलेही कितीतरी बुडाले, थंडीने गारठून गेले.

जुनी_पानं: आणखी एक, तिथली मोठी लाकडी सामानाची फॅक्टरी विल्यम ऑग्डनची, शिकागोचा पहिला मेयर. त्याचं दोन्हीकडे जळलं. अमेरिकेत अग्निसुरक्षा सप्ताह ९ ऑक्टोबरच्या आठवड्यात असतो तोही शिकागोमुळेच. आपल्याकडे १४ एप्रिल धरतात, १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता, आधी कापसाला आग लागली, ती विझवायला गेलेले ६६ फायरमन स्फोटात गेले. तुमच्या मुलांना पेश्टिगोबरोबर हेही सांगा, इथल्याही कित्येक पोरांना माहीत नसतं.