मदत हवी आहे: कासव चार दिवस हललेलं नाही, थंडीत काय करू?

अबोली_फुलं
घाईत लिहितेय. कासव चार दिवस एका जागी बसून आहे. बाल्कनीत खोक्यात ठेवलंय, रात्री तापमान ४ अंशांपर्यंत उतरतं. पायाला बोट लावलं तर अगदी सावकाश आत घेतं, डोळे मिटलेलेच. घरात आणून दिव्याखाली ठेवू का? कोणी थंडीत कासव सांभाळलं असेल तर प्लीज लगेच सांगा.

गोदाकाठ
४ अंश म्हणजे निफाडकडच्या का ताई? पाण्यातलं आहे की जमिनीवरचं? आपण दोन्हींना कासवच म्हणतो, म्हणून विचारलं. माझ्याकडे लाल कानांचं स्लायडर आहे. डिसेंबर-जानेवारीत टाकीत हीटर लावून पाणी २५ अंशांवर ठेवतो, मस्त खातं-पितं. तुम्हीही हीटर घ्या.

रानवारा
हीटर नंतर. पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत का? असतील तर ते स्टार कासव आणि ते घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा. कुणाला अडकवायला सांगत नाही, त्या जिवासाठी सांगतोय.

अबोली_फुलं
अहो, मी जर्मनीत श्टुटगार्टला असते, लिहायचं राहिलं! शेजारच्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, त्या हॉस्पिटलात आहेत. जाताना घराची किल्ली आणि कासव माझ्याकडे दिलं. सोबत पिवळा सरकारी कागद आहे, त्यावर टेस्टुडो हर्मानी असं लिहिलंय. जमिनीवरचंच आहे. आता तरी सांगा, दिवा लावू का?

माईंची_पडवी
कासवांचा विषय निघालाच आहे तर कोकणात वेळासला नक्की जा. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी समुद्राकडे निघतात, डोळ्यांत पाणी येतं. मार्चअखेरीस गर्दी असते, राहायची सोय आधी करा.

राइनकाठ
अबोली, आधी घाबरू नका. पाय आत घेतंय म्हणजे जिवंत आहे, झोपेच्या वाटेवर आहे. हे भूमध्य समुद्राकडचं कासव, हिवाळ्यात जमिनीत पुरून घेऊन झोपतं. माझ्याकडे अशी दोन आहेत. तीन गोष्टी सांगा: शेवटचं कधी खाल्लं? वजन किती? बाल्कनीत दुपारी किती अंश असतात?

तळजाईकर
मुकं जनावर गारठलंय आणि तुम्ही वजन कसलं विचारताय? आत घ्या, दिवा लावा, काकडी द्या. आमच्या कॉलनीतलं कासव असंच उबेत ठेवून वाचवलं होतं.

राइनकाठ
कॉलनीतलं कासव कुठल्या जातीचं होतं? स्टार कासव असं झोपत नाही, त्याला ऊब लागतेच. हर्मानचं वेगळं. त्याला १२-१४ अंशांच्या खोलीत ठेवलं तर ना धड झोप ना धड जाग, अंगातली चरबी जळत राहते आणि वसंतापर्यंत काही उरत नाही. ४ ते ६ अंश ठीक, शून्याखाली गेलं तर डोळे जाऊ शकतात. म्हणून मी माझी दोन्ही वेगळ्या फ्रिजमध्ये झोपवते.

तळजाईकर
फ्रिजमध्ये? जिवंत प्राणी? वाचूनच अंगावर काटा आला.

राइनकाठ
दादा, इथे पुष्कळ जण हेच करतात. आत थर्मामीटर ठेवायचा, दार रोज उघडून हवा बदलायची. बाल्कनीत एका रात्री कडाका पडला की खेळ संपतो, फ्रिजमध्ये नाही.

अबोली_फुलं
खाणं: मीच सहा दिवसांपूर्वी काकडीचे काप दिले, त्यातले अर्धे खाल्ले. दुपारी १०-११ अंश. वजन आता केलं, स्वयंपाकाच्या काट्यावर ९४२ ग्रॅम. काकडी देऊन चुकले का?

राइनकाठ
चुकलात नाही, माहीत नव्हतं. पण पोटात अन्न असताना झोपलं तर ते आतच कुजतं. म्हणून आज झोपवू नका, उठवा. आत घ्या, अंग हळूहळू गरम होऊ द्या, मग कोमट पाण्यात हनुवटीखाली पाणी राहील एवढं वीस मिनिटं बसवा. दोनेक आठवडे खायला काही नाही, पाणी मात्र द्या आणि अशी अंघोळ सुरू ठेवा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने गार. आणि याच आठवड्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. आजारी कासव झोपवतच नाहीत, त्याला हिवाळाभर दिव्याखाली जागं ठेवतात.

गोदाकाठ
म्हणजे दिवा लागतोच!

राइनकाठ
आजारी असेल तर, हो. साधा बल्ब नाही, यूव्हीबीचाही (उन्हातल्यासारख्या अतिनील किरणांचा) लागतो.

अबोली_फुलं
डॉक्टरकडे जाऊन आले. नाकडोळे स्वच्छ, विष्ठेत जंत नाहीत. अंघोळीत मान लांब करून इतकं पाणी प्यायलं की मी बघतच राहिले. मग शी झाली, सोबत पांढरं चुन्यासारखं काहीतरी.

राइनकाठ
ते पांढरं म्हणजे यूरेट, कासवाच्या लघवीतला घट्ट भाग, मऊ असेल तर उत्तम. आता आठवड्याला वजन लिहून ठेवा. झोपेत दहा टक्के उतरलं तर उठवायचं. झोपेत लघवी केली तर लगेच.

अबोली_फुलं
संध्याकाळी आजींना फोन लावला. म्हणाल्या, खोक्याचं झाकण उलटं करून बघ. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळीने वजनं, १९९३ पासून प्रत्येक हिवाळ्याची दोन: झोपवताना आणि उठल्यावर. गेल्या वर्षीची ९५१ आणि ९०८. दर ओळीपुढे तळघराचं तापमानही आहे. तळघराची किल्ली माझ्याकडेच आहे, उद्या तिथे थर्मामीटर ठेवून येते. ६ च्या वर निघालं तर फ्रिज बघावा लागेल. लहान, जुना चालेल ना?

राइनकाठ
चालेल. आधी आठवडाभर रिकामा चालवून बघा, काटा ४ ते ६ मध्ये स्थिर राहतोय का. आणि त्या झाकणाचा फोटो काढून ठेवा.