रहस्यकादंबरीचं परिक्षण: शब्द तपासून द्याल का?

पानकिडा
एका रहस्यकादंबरीवर लिहितोय. पानं २३२. पहिला परिच्छेद खाली देतो. पुस्तकाचं नाव मुद्दाम गाळलंय. शब्द कुठे चुकलेत आणि शेवटाबद्दल किती बोलावं, हे दोन्ही सांगा. मवाळ बोलू नका.

"प्रतिथयश लेखकाची ही रहस्यकथा पहिल्या पानापासून खिळवून ठेवते. रात्री बंगल्यात एकटाच शिरलेला आरोपी दरोडा घालून पसार होतो आणि सकाळी मालकाचा मृतदेह सापडतो. शेजारी रिव्हॉल्व्हरच्या तीन पुंगळ्या पडलेल्या असतात. इन्स्पेक्टर चार संशयी लोकांची चौकशी करतात. बिभत्स वर्णनं थोडी जास्त आहेत. शेवटचा खुलासा अतर्क्य वाटतो, कारण जुळा भाऊ अचानक उगवतो."

काना_मात्रा
शीर्षकापासूनच सुरू करू. परि + ईक्षण म्हणजे परीक्षण, त्यामुळे 'री' दीर्घ. निरीक्षण, समीक्षा, परीक्षा ही सगळी याच घरातली भावंडं, एकाचं लक्षात राहिलं की बाकीची चुकत नाहीत.

प्रतिथयश असा शब्दच नाही. प्रथित म्हणजे प्रसिद्ध, म्हणून प्रथितयश. असाच त-थचा घोळ 'मतितार्थ'मध्ये होतो. मथून काढलेला अर्थ तो मथितार्थ. बीभत्सचा 'बी' दीर्घ आणि अद्‌भुतचा 'भु' ऱ्हस्व. भयकथांवर लिहिणारे हे दोन्ही हमखास उलटे लिहितात.

संशयी म्हणजे ज्याच्या मनात संशय असतो तो. उदाहरणार्थ, तुमचा इन्स्पेक्टर. ज्यांच्यावर संशय आहे ते चौघे संशयित. आणि संशयास्पद ही वागणूक, हालचाल किंवा वस्तू. "संशयी लोकांची चौकशी" म्हटलं की पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांनाच रांगेत उभं केल्यासारखं होतं.

आणखी एक जोडी, तुमच्या परिच्छेदात नाही पण पुढेमागे लागेल. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. 'मनगटाची शीर कापली' आणि 'शिर धडावेगळं केलं'. एक वेलांटी चुकली तर प्रेताची अवस्थाच बदलते.

कलमबहाद्दर
आरोपी आणि दरोडा, दोन्ही शब्द चुकीच्या जागी बसलेत.

ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेलाय तो आरोपी. बंगल्यात शिरताना तो कोण हे कुणाला माहीतच नाही, मग तिथे 'एक माणूस' किंवा 'चोर' एवढंच पुरे. नावानिशी संशय आला की संशयित, आरोप आला की आरोपी, न्यायालयाने गुन्हा सिद्ध धरला की दोषी. रहस्यकथेच्या परीक्षणात ही पायरी पाळलीच पाहिजे. 'आरोपी' म्हटल्याबरोबर वाचक समजतो की माणूस ठरला.

दरोड्याला कायद्यात किमान ५ जण लागतात. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३९१ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१०. एकटा माणूस दरोडा घालू शकत नाही. रात्री कुलूप तोडून शिरला असेल तर बोली भाषेत घरफोडी, धाक दाखवून किंवा मारहाण करून माल नेला असेल तर जबरी चोरी. तुमच्या कथेत यातलं कोणतं ते पुस्तकात बघा.

जाता जाता: कथा १ जुलै २०२४ च्या आधी घडत असेल आणि पात्रं खुनासाठी 'कलम ३०२' म्हणत असतील तर ती लेखकाची चूक धरू नका. नव्या संहितेत ते १०३ झालं, पण जुन्या काळातली पात्रं ३०२ च म्हणणार.

धूर_आणि_गोळी
पुंगळ्यांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही?

काडतूस म्हणजे अख्खी वस्तू. झाडल्यावर नळीतून निघून जाते ती गोळी. मागे उरतं ते धातूचं रिकामं कवच, म्हणजे पुंगळी. पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर वरचा सरकता भाग मागे जातो आणि पुंगळी बाहेर फेकतो, म्हणून ती जमिनीवर सापडते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळी फिरत्या चक्रातच राहते. सहसा चक्र बाजूला काढून, दांडी दाबून ती मुद्दाम काढावी लागते. पळून जाणारा माणूस प्रेताशेजारी थांबून हे करत बसणार नाही.

तेव्हा तीन शक्यता: लेखक चुकला, तुम्ही चुकलात, किंवा पुंगळ्या कुणीतरी मागाहून ठेवल्यात. तिसरी असेल तर तो अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात चांगला दुवा असेल, आणि तुम्ही तो पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलात. पान उघडून बघा.

शेवटचं_पान_आधी
शब्द सुधारतीलच, पण तुम्ही जुळा भाऊ सांगून टाकलात हो! आता ते पुस्तक कोण विकत घेणार?

मी पाळतो तो हिशेब असा. पहिल्या एकपंचमांशात जे घडतं, म्हणजे तुमच्या पुस्तकात साधारण ४५ पानांपर्यंत, ते सांगायला हरकत नाही. त्यापुढचं सांगायचं तर घटना न सांगता रचना सांगा. मलपृष्ठावर छापलंय म्हणून चालेल असंही समजू नका, मलपृष्ठ लिहिणारे कधीकधी लेखकाचे वैरी असतात.

आता 'अतर्क्य'. अतर्क्य म्हणजे तर्काच्या आवाक्यापलीकडचं. अतार्किक म्हणजे तर्काला सोडून असलेलं. गूढकथेचा शेवट अतर्क्य असेल तर ती दाद असते, कारण तिथे सगळं उकलून दाखवायची लेखकावर सक्ती नाही. रहस्यकथेत मात्र उकल हाच करार आहे. तिथे तुम्हाला 'अतार्किक' म्हणायचंय असं दिसतं. पण तो आरोप आहे, त्याला पुरावा लागतो.

पुरावा गोळा करायची रीत सोपी आहे. कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे शेवटी इन्स्पेक्टर जे जे सांगतो ते मुद्दे, उजवीकडे तो दुवा वाचकाला आधी कोणत्या पानावर दिसला. उजवा रकाना रिकामा राहिला किंवा सगळे आकडे २१५ च्या पुढचे निघाले, तर लेखकाने फसवलं. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यात जुळे आणि तोतये यांना बंदी नाही. वाचकाची आधी तयारी करून घेतलेली असावी, एवढीच अट आहे. म्हणजे जुळा भाऊ असणं हा दोष नाही, तो न पेरता उगवणं हा दोष.

काना_मात्रा
'खुलासा' राहिलाच. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, कार्यालयात मागतात तो. 'धक्कादायक खुलासा' ही हिंदी वाहिन्यांची देणगी. रहस्याचा होतो तो उलगडा.

कलमबहाद्दर
इथे मी थोडा अडतो. शब्द मूळ अरबी, तिथे अर्थ सारांश. आपणही तो वळवूनच घेतला. उद्या आणखी वळला तर काय बिघडलं?

काना_मात्रा
बिघडतं ते या परीक्षणापुरतं. याच परिच्छेदात इन्स्पेक्टर संशयितांकडे खुलासा मागणार आणि शेवटी रहस्याचाही खुलासा होणार. एका पानात दोन अर्थ कशाला?

पानकिडा
रकाने पाडले. इन्स्पेक्टरचे मुद्दे सात, त्यातल्या सहांचे दुवे १२० पानांच्या आत. जुळ्याचा दुवा ३१ व्या पानावर सापडला: दिवाणखान्यातल्या फोटोत एकसारख्या सदऱ्यातली दोन मुलं, त्यातल्या एकाचंच नाव मोलकरीण सांगते. म्हणजे 'अचानक उगवतो' हे खोटं, आणि अतार्किकही गेलं. सातव्या मुद्द्याचा उजवा रकाना रिकामाच आहे, पण तो किरकोळ आहे. पुस्तकात शस्त्र पिस्तूलच आहे, रिव्हॉल्व्हर माझं. आणि मागच्या दाराचं कुलूप तोडलेलं आहे. नवा मसुदा:

"मागच्या दाराचं कुलूप तोडून बंगल्यात घरफोडी होते आणि सकाळी मालकाचा मृतदेह सापडतो. शेजारी पिस्तुलाच्या तीन पुंगळ्या. संशयित चौघे. उलगड्याला लागणारं जवळजवळ सगळं लेखकाने पहिल्या अर्ध्या पुस्तकात उघड्यावर मांडलेलं आहे. बीभत्स वर्णनं मात्र तपासाचा वेग मोडतात."

शेवटचं_पान_आधी
आता चाललं. 'उघड्यावर' ठेवा, छान आहे. फोटोबद्दल चकार शब्द लिहू नका. आणि हो, खाली तपशील देताना आवृत्ती की पुनर्मुद्रण ते बघून लिहा. मजकूर बदलला असेल तर नवी आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला असेल तर पुनर्मुद्रण. पानं बदलली तर तुमचे ३१ आणि १२० दुसऱ्याच्या प्रतीत जुळायचे नाहीत.