चित्रा-खलिजिया तेलगळती: ओपनड्रिफ्टमध्ये तवंग उरणला लागतच नाही

खाडीकाठ:
७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. तिच्यावर ओपनड्रिफ्ट (तेल कुठे वाहत जाईल ते काढणारं संगणक मॉडेल) चालवतोय. सुमारे ८०० टन तेल सांडलं. एलिफंटा, उरण, अलिबागपर्यंत पसरलं. माझ्या मॉडेलमध्ये ४८ तासांत उरणला एक कण (तेलाऐवजी सोडलेला ठिपका) लागत नाही. फर्नेस ऑइल, ५००० कण, १५ मिनिटांची पायरी, वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या ३ टक्के, वर लाटांची फाइल. प्रवाह जागतिक मॉडेलचे (१/१२ अंश, रोजची सरासरी), त्यात भरती-ओहोटी वेगळ्या फाइलीतून जोडलीय. गोची कुठेय?

भरतीवाला:
आधी भरतीच्या फाइलीतली वेळ बघा. आपली कोष्टकं भारतीय वेळेत, ओपनड्रिफ्टला लागते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे). चक्र १२ तास २५ मिनिटांचं, त्यामुळे साडेपाच तास सरकले की भरतीच्या जागी जवळपास ओहोटीच येते. नकाशावर पटकन कळत नाही, तवंग झुलतोच, फक्त उलटा. बंदराच्या तोंडाशी वारा शून्य करून एक कण सोडा. पूर्ण भरतीनंतर तासा-दीड तासात तो समुद्राकडे निघाला पाहिजे.

आणि १/१२ अंश म्हणजे ९ किमीचा चौकोन. अख्खं बंदर एक-दोन चौकोनांत बसतं. ते प्रवाह बाहेरच्या समुद्रापुरतेच. आत डेल्फ्ट३डीसारखं बारीक जाळीचं मॉडेल हवं.

नैऋत्य:
वाऱ्याचं चिन्हही तपासा. हवामानाच्या नोंदीत नैऋत्य म्हणजे नैऋत्येकडून. यू-व्ही घटकांत (पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा वेग) तोच वारा ईशान्येकडे, दोन्ही धन. सेकंदाला १० मीटर वाऱ्याचे ३ टक्के म्हणजे तासाला किलोमीटरभर, चूक लपत नाही. शिवाय त्या ३ टक्क्यांत लाटांची ओढ धरलेलीच असते. लाटांची फाइल ठेवणार असाल तर ३ ऐवजी २ टक्के धरा.

खाडीकाठ:
वेळेचाच घोळ होता. साडेपाच तास वजा केले, आता कण उरणला लागतात. पण पहिल्याच भरतीत सगळे काठाला चिकटून बसतात.

भरतीवाला:
ओपनऑइलमध्ये (ओपनड्रिफ्टचा तेलाचा भाग) मुळात तसंच आहे, लागला कण की संपला. किनाऱ्याच्या सेटिंगमध्ये 'प्रीव्हियस' निवडलं तर मागच्या जागी परततो, पण मग किनाऱ्यावर तेलच दिसत नाही. नोम या दुसऱ्या तेलगळती मॉडेलमध्ये किनाऱ्याला अर्धायुष्य (चिकटलेलं निम्मं तेल पुन्हा सुटायला लागणारा वेळ) देता येतं: उघडा खडक साधारण तासभर, वाळू २४ तास, तिवरं वर्षाच्या वर. उरणच्या बाजूला तिवरं धरा, तिथलं तेल सुटत नाही.

नैऋत्य:
तेल उपसायचा हिशेब मात्र ८०० टनांवर करू नका. हे तेल वाफ होऊन फार उडत नाही, पाणी पीत जातं. ७० टक्के पाणी धरलेल्या इमल्शनचं (तेल-पाण्याच्या घट्ट मिश्रणाचं) आकारमान मूळ तेलाच्या तिपटीहून जास्त असतं, आणि इतकं घट्ट की साधा पंप ओढत नाही.